टिबेट्स आजोबांचं कापलेलं भाषण

न्यूझीलंडात, ऑकलंडच्या न्यू लिन भागातल्या आमच्या त्या जागेला घर म्हणायचं ते केवळ आईच्या समाधानासाठी. तिथे त्याला युनिट म्हणत. एक लांबट लाकडी इमारत, मधोमध तिचे दोन भाग केलेले. अर्ध्यात आम्ही तिघं आणि अर्ध्यात मिस्टर टिबेट्स. मधली भिंत नावापुरती. आमच्याकडे मिरचीची फोडणी पडली की पलीकडून ठसका ऐकू यायचा, आणि मग त्यांची खिडकी करकरत उघडायची. आई दर वेळी शरमून म्हणायची, "अगं बाई, म्हाताऱ्याचा जीव जायचा माझ्या आमटीपायी!" त्यांच्याकडून आमच्याकडे काय यायचं, तर रेडिओवरच्या घोड्यांच्या शर्यती, किटलीची शिट्टी, आणि रोज संध्याकाळी, आई कुकर लावायची त्या सुमाराला, एकाच माणसाचं एकच बोलणं. आवाज खर्जातला, सावकाश. शब्द नीट कळायचे नाहीत. फोनवर बोलतायत म्हणावं तर मध्ये थांबणं नाही, ऐकणं नाही. बाबांचं ठाम मत होतं की म्हातारा प्रार्थना म्हणतो.

आम्ही ठाण्याहून आलो ते आईच्या नर्सिंगच्या जोरावर. तिला हॉस्पिटलात लगेच काम मिळालं. बाबा ठाण्यात फार्मासिस्ट होते; अर्धी आळी त्यांना "साहेब, जरा हे औषध बघा ना" म्हणत यायची. इथे त्यांची डिग्री चालेना. परीक्षा द्यायची होती, आणि तोवर ते हेन्डरसनच्या एका गोदामात औषधांची खोकी भरायचे. त्या गोदामात त्यांचं नाव कुणाला उच्चारता येत नव्हतं म्हणून सगळे त्यांना "मेट", म्हणजे दोस्त, म्हणत. आणि मी? ठाण्यात वक्तृत्वाचे कप घरी आणणारी मुलगी, इथे शाळेत तोंड उघडलं की समोरचा "सॉरी?" म्हणायचा. पुन्हा सांगितलं की "पार्डन?" तिसऱ्यांदा मी "नथिंग" म्हणून गप्प बसायचे. त्या "नथिंग"ने माझ्या डोक्यात जी तिडीक जायची ना, ती आजही आठवली की कानशिलं गरम होतात. घरी येऊन मी दप्तर आपटायचे आणि आई म्हणायची, "दप्तराने काय घोडं मारलंय तुझं?"

टिबेट्स आजोबांशी ओळख झाली ती फीजोआमुळे. त्यांच्या अंगणात या फळाचं झाड होतं. हिरवी, अंड्याएवढी फळं, आतून आंबटगोड, आणि वास असा की पेरू आणि अननस एकत्र चिरून ठेवलेत. आम्ही आलो त्या पहिल्या शरदात, तिकडे तो एप्रिलात येतो, ती टपाटप पडायला लागली. आजोबा बादली भरून आमच्या दाराशी ठेवायचे. एवढ्यांचं करायचं काय? आईने कोशिंबीर करून पाहिली, गूळ घालून मेथांबा केला, आणि त्याचा डबा माझ्या हाती देऊन मला पलीकडे पिटाळलं. दारात जेमतेम माझ्याएवढ्या उंचीचा माणूस उभा होता. पायांत जांडल्स, म्हणजे आपल्या रबरी चपला, आणि अंगात मात्र इस्त्रीचा शर्ट, गळ्याशी बो. मी माझं नाव, निरोप, सगळं भराभर सांगून टाकलं आणि "सॉरी?"ची वाट बघत उभी राहिले. ते म्हणाले, "मेधा. आत ये. तुझा आवाज मागच्या रांगेपर्यंत जाईल." त्या देशात पहिल्यांदा कुणीतरी माझं बोलणं पहिल्या फटक्यात ऐकलं होतं. पुढे ते काय बोलले ते मी नीट ऐकलंही नाही, इतका मला आनंद झाला.

ते मूळचे अमेरिकन. मुके सिनेमे होते त्या काळापासून त्यांनी हॉलिवूडमध्ये कामं केलेली. हिरोची नव्हेत. हिरोला दार उघडून देणारा, हिरोचा घोडा धरणारा, हॉटेलच्या काउंटरमागून किल्ली देणारा, कोर्टात "उठा, न्यायाधीश येतायत" म्हणणारा. "चेहरा आठवतो, नाव आठवत नाही, तो मी," असं ते स्वतःची ओळख करून देत. मुक्या सिनेमात तोंड हलवायचं पण बोलणं ऐकू जात नसे, म्हणून भांडणाच्या प्रसंगात ते बटाट्याच्या सुपाची कृती म्हणत आणि समोरचा नट त्यांना त्यात मीठ कमी पडल्याचं रागारागाने सांगे. मग बोलपट आले, आणि दणदणीत आवाजामुळे त्यांना कामं मिळत राहिली. पुढे लढाईच्या दिवसांत एका न्यूझीलंडच्या नर्सशी लग्न करून ते इकडे आले, आणि ती गेल्यावर एकटे उरले. एकदा मी विचारलं, "सगळा कॅमेरा त्या हिरोवर, तुम्हाला राग नाही यायचा?" म्हणाले, "कॅमेरा माझ्यावर नसायचाच. माझं काम एवढंच, की माझं बोलणं ऐकताना हिरोचा चेहरा बघण्यालायक व्हावा."

राग त्यांना एकाच गोष्टीचा होता. एका चित्रपटात त्यांना तारमास्तरचं काम मिळालं होतं. एका बाईचा नवरा खाणीत दगावलाय, ती तार हा तारमास्तर तिच्या घरी घेऊन जातो. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या वाट्याला नुसतं "होय साहेब" नव्हे, चांगलं भाषण आलेलं. एका दमात चित्रीकरण झालं, दिवे धरणारे लोकसुद्धा रडले म्हणे. पहिल्या खेळाला ते स्वतःच्या आईला घेऊन गेले. बिचारी लांबून बसने आली होती, नवी टोपी घालून. प्रसंग आला. पडद्यावर दार वाजलं, तारमास्तरने पाकीट पुढे केलं, बाईने ते घेतलं, दार बंद. झालं! चित्रपट लांबत होता म्हणून भाषण कापलेलं. त्यांना कुणी सांगितलंसुद्धा नव्हतं. त्यांची आई अंधारात त्यांचा हात दाबून म्हणाली, "छान केलंस हो, हार्लन." हे सगळं तो नव्वदीचा माणूस काल घडल्यासारखं सांगत होता, आणि मला कळलं की रोज संध्याकाळी भिंतीपलीकडून येतं ते काय आहे. साठ वर्षं ते ते भाषण म्हणत होते. विसरू नये म्हणून.

त्या दिवसापासून मी ती तार घेणारी बाई झाले. मला काही बोलायचं नसायचं. स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसायचं आणि ऐकायचं. "रडायचं नाही," ते बजावत. "रडलीस तर प्रेक्षकांनी काय करायचं? नुसती ऐक." ऐकणं हेही काम असतं हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं; आमच्याकडे सगळे आपली बोलण्याची पाळी यायची वाट बघत असतात. जूनमध्ये हिवाळा लागला तेव्हा त्यांचं हृदय कुरकुरायला लागलं. आई ड्युटीवरून येताना त्यांच्याकडे डोकावून नाडी बघून यायची. एका संध्याकाळी भाषण संपल्यावर ते दमून बसले आणि म्हणाले, "मेधा, ज्यांनी ते कापलं ते सगळे मेले. आता ते फक्त माझ्याकडे आहे. एकदा लोकांसमोर म्हणायचंय. समोर रांगा हव्यात, अनोळखी माणसं हवीत. एकदाच."

लोक कुठून आणायचे? माझ्या ओळखीत अनोळखी लोक एकाच ठिकाणी जमत, आमच्या मंडळात. नवीन मराठी मंडळ, गणपती आणि दिवाळीला शाळेचा हॉल भाड्याने घ्यायचा, आणि त्याचे सचिव कोण, तर बाबा. गोदामातला "मेट" रविवारी इस्त्रीचा सदरा घालून "सचिवसाहेब" व्हायचा. मी त्यांना म्हटलं, "दिवाळीच्या कार्यक्रमात त्यांना पाच मिनिटं द्या. लहान मुलांचे नाच संपले की लगेच, लोक जागेवर असतात तेव्हा." बाबा एकदम खूष झाले. "हॉलिवूडचा नट आपल्या शेजारी, आणि आम्हाला पत्ता नाही!"

समितीची बैठक आमच्याच घरी झाली. पोहे, चहा, आईच्या हातचा चिवडा. अध्यक्ष देवस्थळी काका, डॉक्टर होते, कुठल्याही वाक्याची सुरुवात "मला असं वाटतं" अशी करायचे आणि मग तेच व्हायचं. "मला असं वाटतं," ते पोहे चावत म्हणाले, "हॉलिवूडचे कलावंत आपल्याकडे येणार आणि आपण त्यांना पोरांच्या नाचांमध्ये बसवणार? शोभतं का? त्यांना प्रमुख पाहुणे करू. शाल, श्रीफळ, रीतसर सत्कार."

"काका, त्यांना सत्कार नकोय," मी स्वयंपाकघराच्या दारातून म्हटलं. "त्यांना फक्त भाषण म्हणायचंय."

"म्हणतील ना! पाहुण्यांचं मनोगत असतंच की. सर्वांत शेवटी. मानाची जागा असते ती."

"शेवटी कधी कुणी बोललंय का आपल्याकडे? शेवटी हॉल रिकामा करायची घाई असते!"

"मेधा!" बाबा ओरडले. मग काकांकडे वळून, हसून, "इथल्या शाळेचा परिणाम. मोठ्यांना उलट बोलतात." आईने चिवड्याची बशी उगाच पुन्हा फिरवली. सगळे गेल्यावर मी बाबांशी कडकडून भांडले. ते नुसते ऐकत होते, आणि मग इतक्या हळू बोलले की माझाच आवाज खाली आला. "अगं, एखाद्याला आपण यापेक्षा मोठं काय देणार? शाल, नारळ, सगळे टाळ्या वाजवतायत. मला जर कुणी..." मला तेव्हा ते समजलं, आणि समजूनही राग गेला नाही. आजही नाही गेला. आपल्याला जे हवं असतं तेच आपण दुसऱ्याच्या गळ्यात घालतो, त्याला काय हवंय ते विचारायचं सोडून. आणि माहीत नव्हतं असंही नाही, मी ओरडून सांगत होते!

कार्यक्रमाच्या दिवशी आजोबांनी जुना काळा सूट घातला. बाबांनी त्यांना नमस्कार कसा करायचा ते शिकवलं. स्टेजवर मधल्या खुर्चीत बसवलं. दुपारी सुरू झालेला कार्यक्रम. पाचला हॉल सोडायचा होता कारण पुढे इनडोअर बोल्सवाल्यांचा, म्हणजे गालिच्यावर चेंडू घरंगळवत खेळणाऱ्यांचा, नंबर होता. आधी दीपप्रज्वलन, त्यात वाऱ्याने समई दोनदा विझली. मग ईशस्तवन. मग प्रास्ताविक. मग पाहुण्यांचा परिचय, आणि तो देवस्थळी काकांनी मराठीतून करून दिला, त्यामुळे ज्यांचा परिचय चालला होता त्यांना एक अक्षर कळलं नाही. ते मान हलवून हसत राहिले. मग शाल. मग श्रीफळ. नारळ मांडीवर घेऊन ते बसले ते बसलेच. मुलांचे नाच झाले, रांगोळीची बक्षिसं झाली, पाककृतीची बक्षिसं झाली, एका काकूंना दोन गाणी म्हणायची होती त्यांनी चार म्हटली. मी पहिल्या रांगेतून सारखी घड्याळाकडे बघत होते आणि मग विंगेकडे. तिथे बाबा टेपरेकॉर्डरपाशी उभे होते. मी मनगटावर बोट ठेवून खूण केली. त्यांनी हाताने "हो हो" केलं. हॉलच्या मागच्या दारात बोल्सवाले गोरे आजी-आजोबा हिरवे गालिचे खांद्यावर घेऊन येऊन उभे राहिले.

तेव्हा देवस्थळी काका माईकपाशी आले. "मला असं वाटतं, वेळेअभावी आपण पाहुण्यांच्या मनोगताऐवजी त्यांची उपस्थिती हाच आपला आशीर्वाद मानू या." आणि त्यांनी आभारांची यादी वाचायला घेतली. माईकवाल्याचे आभार, बटाटेवडे करणाऱ्या वहिनींचे आभार, पार्किंग बघणाऱ्यांचे आभार. मी उभी राहून म्हटलं, "काका, त्यांना बोलू द्या!" बाजूच्या काकूंनी माझा ड्रेस ओढून मला खाली बसवलं. "शू! आभार चाललेत ना!" आभारांना वेळ होता. आभारांना!

"आता राष्ट्रगीतासाठी कृपया सर्वांनी उभं राहावं."

सगळा हॉल उभा राहिला. खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला आणि मग सावधान, टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता. बाबांनी बटण दाबलं, पण कॅसेट बहुधा नीट मागे गेलेली नव्हती, नुसतीच खरखर. बाबा पुढेमागे करत बसले. आणि स्टेजवर आजोबांनी समोर पाहिलं. खचाखच भरलेला हॉल, रांगांमागून रांगा, सगळे त्यांच्याकडे तोंड करून उभे, हात बाजूला, एकही माणूस बोलत नाही. मला त्यांचा चेहरा दिसत होता. देवा, तो चेहरा! त्यांना वाटलं हे सगळे त्यांच्यासाठी उभे राहिलेत. ते उठले. नारळाचं काय करावं असा क्षणभर विचार केला, आणि तो देवस्थळी काकांच्या हातात दिला. काकांनी सवयीने घेतला. दोन पावलं पुढे येऊन ते माईकपाशी थांबले. शाल एका खांद्यावरून घसरली होती ती त्यांनी तशीच राहू दिली. आणि त्या खर्जातल्या आवाजात, माझ्याकडे बघून, सुरू केलं, "मॅम, ही तार सकाळीच आली..."

आणि कॅसेट लागली. ढाणकन. बाबा विंगेत पाठमोरे होते, त्यांना काही दिसलं नव्हतं. आजोबांचं तोंड उघडं होतं ते हळूच मिटलं. काय चाललंय ते त्यांना लगेच कळलं. आयुष्यभर दुसऱ्याच्या प्रसंगात उभे राहिलेले ते. त्यांनी टाचा जुळवल्या, हात छातीवर ठेवला, आणि आमचं राष्ट्रगीत संपेपर्यंत एखाद्या सैनिकासारखे ताठ उभे राहिले. मला ओरडताही येईना. राष्ट्रगीत चालू होतं. मी सोळा वर्षांची, सावधानमध्ये उभी, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. बाजूच्या काकूंना वाटलं मला देश आठवला. शेवटची ओळ संपते न संपते तोच बटाटेवड्यांची पातेली उघडली आणि अर्धा हॉल तिकडे धावला.

गाडीत मी मागच्या सीटवर त्यांच्याशेजारी बसले. म्हटलं, "आता म्हणा. आम्हा तिघांसमोर म्हणा." ते बाहेर बघत म्हणाले, "गाडीत नाही, बाळ. आणि तुम्ही लोक आता ओळखीचे झालात." बाबा आरशातून म्हणाले, "पुढच्या वर्षी नक्की. सगळ्यात आधी. मी शब्द देतो." दुसऱ्या दिवशी गोदामातून आल्यावर, चहासुद्धा न घेता बाबा पलीकडे गेले. नंतर आईला सांगताना मी ऐकलं, त्यांनी आजोबांची माफी मागितली होती, आणि आजोबांनी त्यांना "मिस्टर सेक्रेटरी" म्हणून आत बोलावून चहा पाजला होता. पण त्या दिवसानंतर आई कुकर लावायची त्या वेळेला भिंतीपलीकडे शांतता असायची. मी मुद्दाम जाऊन खुर्चीवर बसायचे. ते म्हणायचे, "आज नको, आवाज बसलाय." आवाज बसलेला नव्हता. पुढचा फीजोआचा मोसम यायच्या आधीच ते गेले.

बाबा परीक्षा पास झाले, त्यांना औषधांच्या दुकानात काउंटर मिळालं, आम्ही ख्राइस्टचर्चला गेलो, माझं शिक्षण, नोकरी, संसार, सगळं झालं. आता पन्नाशी उलटल्यावर हे लिहायला बसले याचं कारण गेल्या वर्षी मंडळाने जुन्या सभासदांना ऑकलंडला बोलावलं होतं. देवस्थळी काका आता ऐंशीच्या पुढचे. स्टेजवरून आठवणी सांगताना म्हणाले, "आपल्याकडे एकदा हॉलिवूडचे कलावंत आले होते. सत्काराने इतके भारावून गेले, इतके भारावून गेले, की माईकपाशी आले आणि तोंडातून एक शब्द फुटला नाही!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. जेवणाच्या रांगेत मी त्यांना गाठलं. म्हटलं, "काका, ते भारावले नव्हते. तुम्ही त्यांना बोलू दिलं नाहीत." काका खरंच गोंधळले. माझ्या ताटात स्वतःच्या हाताने जिलबी वाढत म्हणाले, "असं कसं म्हणतेस? आम्ही तर त्यांना शेवटची जागा दिली होती." त्यांच्या चेहऱ्यावर निर्मळ आश्चर्य होतं. कुणाशी भांडायचं? बाबा राहिले नाहीत, आजोबा कधीच गेले, आणि हा माणूस मला जिलबी वाढतोय.

मला ते भाषण पाठ आहे. इंग्रजीत ते फार साधं आहे. मराठीत आणताना त्याचा खर्ज गेला असेल, त्याला माझा इलाज नाही. तुमच्यातलं कुणी त्यांना ओळखत नाही, आणि त्यांना असेच लोक हवे होते.

"बाई, ही तार सकाळीच आली. मी ती आता संध्याकाळी आणतोय, आणि यासाठी ते मला कामावरून काढतील, खुशाल काढू देत. सकाळी मी आलो होतो. या फाटकापर्यंत आलो होतो. तुम्ही दोरीवर कपडे वाळत घालत होतात. त्यांचा निळा शर्ट होता तुमच्या हातात, तुम्ही तो झटकलात आणि कशावर तरी स्वतःशीच हसलात. मला फाटक उघडवेना. मी परत गेलो. मला वाटलं, दिवस मावळेपर्यंत तरी ते अजून घरी यायचे आहेत, असंच तुमच्यासाठी राहू दे. एवढंच माझ्या हातात होतं, तेवढं मी तुम्हाला दिलं. आता दिवस मावळलाय. तुम्ही खाली बसा, बाई. मी वाचतो."